राबाविना अर्धा वाफा

पाला कापायचं यंत्र म्हणजे चार पाती आणि एक मोटार, अशी माझी समजूत होती. मुरबाडच्या माझ्या वर्कशॉपमागचा सगळा वाळका पाला त्याने फस्त केला, तेव्हा मी चांगलाच फुशारलो आणि ते टेम्पोत घालून डोळखांबकडच्या एका पाड्यावर, ओळखीच्या काका-काकींकडे नेलं.

काका दरवर्षी ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत. भाताचं रोप करायच्या वाफ्यावर त्या पसरून जाळायच्या, म्हणजे राब भाजायचा; मातीतलं तणाचं बी त्यात करपून जातं. आता काकांचा गुडघा गेला होता, चढायचा हट्ट मात्र गेला नव्हता. म्हणून काकींनी अर्धा वाफा मला दिला. तिथे राब नाही, गळलेल्या पाल्याच्या खताचा जाड थर द्यायचा; उरलेल्या अर्ध्यावर गेल्या वर्षीच्या शिल्लक फांद्यांचा राब.

"तण माजलं तं लावणीला रोप कुठनं आनू?" काकी म्हणाल्या. "आनि मंग हे परत झाडावर जातील."

माझी झोप उडाली, पण खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. यंत्राला बारीक चाळण लावली की सागाच्या पानाचं पीठ व्हायचं, ढीग चिकटून बसायचा आणि आंबूस वास सुटायचा. मोठ्या भोकांची लावली की लांब पट्ट्या निघायच्या आणि ढीग थंडगार राहायचा. तो आतून तापला तरच खतातलं बी मरणार. मी पाती बदलायचो, चाळण बदलायचो, शेण-पाणी घालायचो, ढिगात सळई खुपसून ठेवायचो आणि काढून तळहाताला लावून बघायचो. शेवटी नखाएवढे तुकडे पडायला लागले. त्या ढिगातली सळई हातात धरली आणि मी ओरडलोच.

"भाजला का रं?" काकांनी विचारलं.

"भाजला!" मी नाचायचाच बाकी होतो.

लावणीच्या आधी पुन्हा गेलो. आमच्या अर्ध्या वाफ्यात राब भाजलेल्या अर्ध्यापेक्षा तण जास्तच होतं. माझं तोंड उतरलं. काकी वाकून ते उपटत होत्या.

"रोप बख ना किती हाय," त्या म्हणाल्या. "तण काय, हातानं निघतं."

काका यंदा न तोडलेल्या ऐनाखाली मान वर करून उभे होते. मी जवळ गेलो तरी त्यांनी खाली पाहिलं नाही.

"पोरगा व्हतो तवापासून चढतोय," ते म्हणाले. "याची सावली एवढी पडते, माला ठावंच नव्हतं."