टोकियोच्या मालकाचे रत्नागिरीतले शिष्य

आमचे मालक तात्यासाहेब छापखान्यात शिरताना आधी भिंतीवरच्या फोटोला हात जोडत. फोटो देवाचा नव्हे. टोकियोतल्या एका वर्तमानपत्राच्या मालकाचा, इंग्रजी मासिकातून कापलेला. मरायला टेकलेले पत्र विकत घेऊन त्या गृहस्थाने म्हणे ते घरोघर पोचवले होते. आमचे साप्ताहिकही मरायला टेकलेलेच होते. एवढे साम्य तात्यासाहेबांना पुरले.

जपान्याने रेडिओच्या कार्यक्रमांचे पान काढले, म्हणून यांनीही काढले. रत्नागिरीत तेव्हा माझ्या माहितीत रेडिओ एकाच वकिलाकडे होता, आणि तोही खरखरण्यापलीकडे काही करत नसे. जपान्याने अमेरिकेतून चेंडूचे कसलेसे खेळाडू आणले. यांनी चिपळूणहून आट्यापाट्यांचा संघ आणला आणि ‘परदेशी पाहुणे’ म्हणून छापला. आम्ही जुळारी शिशाच्या अक्षरांचे खिळे लावता लावता हसायचो. कुणी शंका काढलीच, तर तात्यासाहेब म्हणत, “जपानात कुणी थांबत नाही हो. बातमी गरम असतानाच वाढायची असते.”

आमचे हसणे एका वैशाखात संपले. वादळात लाकूड वाहणारे एक गलबत बेपत्ता झाले. माझ्या शेजारच्या भागीरथीचा नवरा त्यावर खलाशी होता. आमच्याकडे अशा वेळी नारळी पौर्णिमेपर्यंत कुणाला मेला म्हणत नाहीत. गलबत कुठल्याशा खाडीत शिरलेले असते, आणि पावसाळ्यात निरोप येत नाही. तात्यासाहेब इथेच जन्मलेले, त्यांना हे ठाऊक नव्हते थोडेच! तरी त्यांनी खलाशांची नावे मिळवली, वर ‘जलसमाधी’ असा मथळा दिला आणि कागद माझ्यापुढे टाकला. मी म्हटले, पुनवेपर्यंत थांबू. ते म्हणाले, तोवर मुंबईची पत्रे छापून मोकळी होतील. मी नावे जुळवली. नोकरी जाईल म्हणून जुळवली, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

अंक निघाला त्या सकाळी भागीरथी माझ्या दारात आली.

“भाऊ, तुमीच खिळे लावलात ना? मग खरांच आसंल.”

मी मान खाली घातली. तिने तोच होकार मानला. त्याच दिवशी सासरच्यांनी तिच्या बांगड्या फोडल्या आणि तेराव्यानंतर तिला माहेरी धाडले.

श्रावणात तिचा नवरा कारवारकडून चालत परत आला. गलबत खाडीतच अडकले होते. तो तिला माहेराहून घेऊन आल्याचे कळताच तात्यासाहेब फोटोवाल्याला घेऊन तिच्या घरी धावले. ‘आमच्या पत्रामुळे हरवलेला खलाशी सापडला’ असे छापायचे त्यांच्या मनात होते, म्हणून जोडप्याने शेजारी उभे राहावे हा आग्रह. माफीचा एक शब्द नाही. भागीरथी उंबऱ्याबाहेर आली नाही.

“माजां कुंकू तुमच्या कागदानं पुसलान,” ती म्हणाली. “आता लावायला कागद नको.”

मी नोकरी सोडली आणि गावातल्या दुसऱ्या साप्ताहिकात लागलो. चारेक वर्षांनी तात्यासाहेब वारले. निधनाचा मजकूर संपादकांनी माझ्याकडे दिला. मी खिळ्यांना हात लावला नाही. आधी स्मशानात गेलो, चिता पेटलेली डोळ्यांनी पाहिली, आणि मग परत येऊन त्यांचे नाव जुळवले.