गोलकीपरच्या जर्सीचं माप

जुन्या जालन्यात आमचा एक फुटबॉलचा संघ होता आणि मी त्याचा कप्तान होतो. माझं आजचं पोट बघून यावर माझी बायकोही विश्वास ठेवत नाही. वडिलांच्या कापडदुकानाचं शटर संध्याकाळी अर्धं ओढायचं आणि गिऱ्हाईक मोजमाप सांगत असतानाच खालून वाकून मैदानाकडे पळायचं, ही माझी सगळ्यात भारी चाल. मैदानावर मला दुसरी कुठलीच चाल जमली नाही.

आमच्यात खेळायचे कुणाला पैसे मिळत नसत. उलट, खेळायचं तर आपल्या धंद्यातलं काहीतरी द्यायचं, असा कायदा होता. पंक्चरवाला बॉलमध्ये हवा भरायचा. हॉटेलवाला सामना झाल्यावर दोन्ही संघांना चहा पाजायचा. मी कापड द्यायचो. आणि आमचा गोलकीपर शिंपी होता, तो जर्सी शिवायचा. सगळे त्याला मास्टर म्हणत.

मास्टर उंचीनं बेताचा. वरून बॉल आला की तो मान वर करून त्याला जाताना बघायचा. आम्ही ओरडलो की म्हणायचा, "खालचा एक सोडत न्हाई, कप्तान. वरचा अल्लाच्या हवाली!" बारा वर्षं आम्ही या उत्तरावर हसलो आणि बारा वर्षं आरामात हरलो.

मग सळईच्या एका कारखान्याचे मालक आमचा सामना बघायला आले. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई करमणूक झाली. आता जरा जिंकू या का?" हैदराबादचे पाच खेळाडू ते आणणार होते. नावाला कारखान्यात काम, खरं काम मैदानावर, प्रत्येक सामन्याला पैसे. त्या पाचांत पहिला गोलकीपर होता. मे महिन्यात ढालीची स्पर्धा होती. मला ती ढाल हवी होती. मी हो म्हणालो. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

मास्टरला सांगायला मी तीनदा त्याच्या दुकानात गेलो आणि तीनदा चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा कापडाचा गठ्ठा नेला आणि अकरा जर्सींच्या मापांची चिठ्ठी पुढं सरकवली. दहा पिवळ्या, एक नंबरची हिरवी. वाटलं, तो न बघता शिवून टाकेल. शिंप्याला मापाची चिठ्ठी देऊन मी काही लपवायला निघालो होतो!

त्यानं चष्मा लावला.

"कप्तान, एक नंबरची छाती बेचाळीस?"

"हो."

"मी तर छत्तीस हाय."

मी वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.

"मंग सांगायचं ना, यार," तो हळूच म्हणाला. "चिठ्ठी कायको?"

अख्खा लग्नमांडव हसवणारा मी, टेबलावरची खडूची पूड बोटानं गोळा करत बसलो. त्यानं टेप गळ्यात टाकली आणि गठ्ठा उचलून ठेवला. "परवा घेऊन जा. कपडा बराबर हाय."

जर्सी अशा बसल्या की हैदराबादवाले आरशापुढून हलेनात.

अंतिम सामन्याला मास्टर आला. आमच्या गोलच्या मागं, चुन्याच्या रेघेजवळ बसला. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. जालन्याचा मे महिना! असा मौका मी सोडतो का? कमरेवर हात ठेवून मी भर मैदानातून ओरडलो, "काय मास्टर, थेट काश्मीरहून का?" सगळं मैदान हसलं. तोही हसला. "थोडा ताप हाय," म्हणाला.

आम्ही जिंकलो. नव्या गोलकीपरनं वरचे बॉल फळं तोडावीत तसे काढले. मी ढाल डोक्यावर घेतली. खाली ठेवेपर्यंत ते पाचही जण आमच्या जर्सी घालूनच जीपमध्ये बसून निघून गेले होते. हॉटेलवाल्याचा चहा किटलीतच राहिला. गोलच्या मागंही कुणी नव्हतं.

मास्टर पुन्हा खेळायला आला नाही. दोन वर्षांनी मालकांना क्रिकेटचा नाद लागला, जीप यायची थांबली. तोवर आमच्या जुन्या गड्यांची सवय मोडली होती. बॉल माझ्या दुकानाच्या माळ्यावर बसत बसत चपटा झाला.

पुढं कधीतरी वाचलं की विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात हेच झालं होतं. आधी सगळे हौशी. मग गिरण्यांच्या गावांनी स्कॉटलंडहून खेळाडू आणले. नावाला गिरणीत काम, आतून पैसे. भांडणं झाली, शेवटी पैसे घेऊन खेळणं रीतसर मान्य झालं आणि खेळ जगभर मोठा झाला. मी ती पानं दोनदा चाळली. त्या गावांतल्या जुन्या गोलकीपरांचं काय झालं, ते त्यात नव्हतं.

मागच्या वर्षी मास्टर गेला. दुकान रिकामं करताना त्याच्या बायकोनं, भाभीनं, निरोप पाठवला की तुमचं थोडं कापड इथं आहे. मी गेलो. इस्त्रीच्या टेबलावरच्या जुन्या घड्यांखालून तिनं एक हिरवी जर्सी काढली. एक नंबर. मी न मोजताच ओळखलं, छाती छत्तीस. हिरवं कापड मी एकाच जर्सीपुरतं दिलं होतं. त्यातून उरलेले तुकडे जोडून त्यानं समोरची बाजू केली होती, शिवण शोधावी लागत होती. पाठ कुठल्याशा अस्तराची.

"उस दिन पहनके गए थे, स्वेटर के अंदर," भाभी म्हणाली. "बोले, वो हैदराबादवाला नहीं आया तो? टीम को गोलकीपर तो होना."

काश्मीरचा किस्सा मी वीस वर्षं लग्नाकार्यांत सांगत आलो होतो. हावभावांसकट, स्वेटरची बटणं लावून दाखवत. लोक हमखास हसायचे. दोनदा तर मास्टर समोरच्या पंगतीत होता. तोही हसला होता.