पाचूबंदरचा न

गुरुवारी वसईच्या पाचूबंदरहून फिलोमिना मावशींचा संदेश आला : 'आमची बोली जशीच्या तशी छापल्याबद्दल आभार.' वाचून मी छापलेला कागद पुन्हा काढून पाहिला. मी पालघरला छापखान्यात मजकूर टाइप करतो. शाळा नववीत सुटली, म्हणून शुद्धलेखनाला फार जपतो. मावशींनी पाठवलेल्या गाण्यातला प्रत्येक 'पानी' मी 'पाणी' केला होता, प्रत्येक 'कोन' 'कोण'. तीनशे कागद रवाना झाले होते. मावशींनी गठ्ठा अजून उघडलेला नाही, हे त्या आभारांवरूनच कळत होतं.

गाणारे होते मावशींचे भाचे, बस्त्यावदादा. बंदरावर वाढलेला हा माणूस युरोपात ऑपेरात टेनर म्हणून गातो. ऑपेरा म्हणजे गाण्यातून केलेलं नाटक आणि टेनर म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, एवढं मी शोधून काढलं. तिकडचं कुठलंही काम घेताना ते वर्षातले पंधरा दिवस गावासाठी राखून ठेवतात आणि चर्चच्या अंगणात गातात. शेवटचं गाणं त्यांच्या आईचं, होडीवरचं. ते सगळा गाव सोबत गातो. माझे कागद त्यासाठी होते, आणि कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता.

शनिवारी पहाटे, दुरुस्त केलेले तीनशे कागद पाठीवर घेऊन स्कूटर काढली. मनोरवरून महामार्गाला लागलो आणि विरार फाट्याला आत वळलो. वसईला सरळही जाता येतं, पण निर्मळवरून जा. देवळाजवळ चहा-वडापाव पस्तीस रुपयांत होतो. पुढे गिरीजपर्यंत केळीच्या वाड्या लागतात. रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या. मी प्रत्येक वळणावर दोनदा दिला.

मासळीच्या लिलावाच्या वेळी जेट्टीपर्यंत गाडी नेऊ नका, अलीकडेच लावा. मावशी टोपल्यांपाशी भेटल्या.

"काय रं बाबा, येवढा घाम? होडी वल्हवत आलास का?"

"मावशी, तो गठ्ठा?"

"कालच वाटला घरोघर."

त्यांच्या शेजारी हाफ पँट घातलेला एक माणूस बोंबील निवडत बसला होता. तेच बस्त्यावदादा. मी सगळं कबूल केलं. त्यांनी हात पुसले, मावशींच्या पिशवीतून एक कागद काढला आणि पहिली ओळ एकेक ण ठासून मोठ्यानं वाचली. बायका टोपल्या सोडून बघू लागल्या.

"ही होडी पुन्याला चालली वाटतं," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

दादा हसले नाहीत. "तिकडं माझे उच्चार सुधारायला पगारी मानूस असतो. एक स्वर लांबला तरी थांबवतो. इथं कोनी थांबवत नाय, म्हनून येतो मी. नवे कागद आनलेस?"

"हो."

"बांधलेलेच ठेव. संध्याकाळी मागं उभा राहा. एक जरी ण ऐकू आला, तर वाट."

संध्याकाळी मी गठ्ठा छातीशी धरून शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो. दादांनी आधी इटालियन गाणी गायली, माइकशिवाय. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज माझ्या हातातल्या कागदांपर्यंत पोचला, गठ्ठा थरथरला. मग आईचं गाणं आलं आणि अंगण उठून उभं राहिलं. माझे कागद सगळ्यांच्या हातात होते. कुणी कागदानं वारा घेत होतं, कुणी बाळावरचे डास हाकलत होतं. मावशींचा कागद तर उलटा होता. आणि सगळे मोकळ्या गळ्यानं 'पानी' म्हणत होते. मी शेवटच्या ओळीपर्यंत कान देऊन ऐकलं. एकही ण आला नाही. मी गठ्ठा छातीवरून काढून पायाशी ठेवला.

रात्री मावशींकडे तांदळाची भाकरी आणि बोंबील जेवलो. रविवारी दुपारी घरी पोचलो.

न उघडलेला गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. गावाकडचा मजकूर आला, की शब्दाला हात लावण्याआधी मी फोन करतो. हा लेखही तीनदा तपासला आहे. माझे ण जागच्या जागी आहेत. पाचूबंदरचे न मी मोजले, आणि तसेच ठेवले.