हेलिकॉप्टरला न पोचलेला माणूस

मुंबईच्या समुद्रात तेल लागलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप फिटर होतो. एका ठेकेदारानं मला समुद्रातल्या तेल काढायच्या रिगवर कामाला नेलं. चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी. जाणं-येणं हेलिकॉप्टरनं.

घर पलूसजवळच्या खेड्यात. वडील, म्हणजे आमचे आबा, लष्करातून हवालदार होऊन परतलेले. देवळापुढच्या कट्ट्यावर बसून ते सांगायचे, “आमचं पोरगं हेलिकॉप्टरनं ड्युटीवर जातंय. सायबालाबी न्हाई मिळत असली गाडी.”

गाडी मोठीच होती. वीसेक माणसं बसायची, दोन इंजिनं होती. दाराशी एक दोर आणि पट्टा असायचा. कुणी पाण्यात पडलं तर त्याला वर ओढायला. पहिल्या चार-पाच खेपांना मला त्या दोराचं कौतुक वाटायचं.

मग आषाढातली एक खेप आली. किनारा सोडून अर्धा तास झाला असेल. एका इंजिनाचा आवाज बदलला. बाकीच्यांना तो कळला नाही. मी फिटर, माझ्या कानाला आधी कळला. पंपाचं बेअरिंग जायच्या बेतात आलं की जशी एक बारीक किरकिर लागते, तशी. थोड्या वेळानं आवाज अर्ध्यावर आला आणि आम्ही खाली जाऊ लागलो. इतकं खाली, की लाटांवरचा फेस वेगळा दिसू लागला.

हेलिकॉप्टरवरचा एक जण वाकत वाकत मागं आला. प्रत्येकाच्या पिवळ्या जॅकेटचा पट्टा त्यानं ओढून बघितला आणि खिडकी बाहेर कशी ढकलायची ते हातानं दाखवलं. माझ्या शेजारी इस्लामपूरचा एक वेल्डर होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्यांना भाई म्हणायचो. ते माझ्या कानाशी ओरडले, “पोहायला येतं का रं?”

मी मान डोलावली. कृष्णेकाठचं पोर, पोहायला न यायला काय झालं? पण मी खिडकीतून बघत होतो, आणि त्या पाण्याला काठच नव्हता. कुठं पोहत जायचं?

भाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. एका इंजिनावर आम्ही माघारी आलो. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली आणि सगळे मुकाट्यानं चढले, म्हणून मीही चढलो. रिगवरचे चौदा दिवस माझ्या डोक्यात एकच होतं. घरी जायचं तर परत त्यातच बसायला लागणार.

घरी आलो, पण भीती काही मागं राहिली नाही. मळ्यात डिझेल इंजिन सुरू झालं की मी त्याची किरकिर ऐकत उभा राहायचो. पिठाच्या गिरणीपुढून जायचं टाळायचो. बायको म्हणायची, “आवं, जेवान का जाईना तुमाला?”

“पोट बिघडलंय,” मी म्हणायचो. आबांना सांगायचं तर तोंडच नव्हतं. त्यांनी लढाई बघितलेली, आणि मी ड्युटीला भितो म्हणून कसं सांगू?

चौदा दिवस संपले. सकाळी ट्रंक घेऊन निघालो, कराडवरून साताऱ्याला आलो. तिथं मुंबईची गाडी लागलेली होती. चढलो, खिडकीशी बसलो. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि माझ्याखालची सीट थरथरू लागली. एस.टी.चीच सीट ती, कायम थरथरते. पण मला त्यात तीच किरकिर ऐकू आली. मी ट्रंक ओढत खाली उतरलो. कंडक्टर ओरडला, “ओ पाहुणे, यायचंय का न्हाई?” मी नुसता हात हलवला. गाडी गेली.

वसाहतीत माझा एक जुना जोडीदार खोली घेऊन राहत होता. खेप पुढं गेलीय, असं त्याला सांगितलं. रोज सकाळी स्टॅंडवर यायचो, आज जायचंच म्हणून. गाडी लागायची, सुटायची, मी बाकावरच. घरचे काय करत असतील हा विचारही मनात आला नाही. त्यांच्या लेखी मी रिगवर होतो.

तिकडं मुंबईत भाईंनी माझी वाट बघितली होती. मी आलो नाही म्हणून त्यांनी काळजीनं कुणाकडून तरी इंग्रजीत तार लिहून घेऊन आमच्या घरी पाठवली. आमच्याकडं तार म्हणजे मरणाचा सांगावा. आबांना लष्करातलं तुटकं इंग्रजी येत होतं. तारेतला हेलिकॉप्टर हा शब्द त्यांनी वाचला, पुढचं त्यांना दिसलंच नाही. घरात रडारड सुरू झाली, गल्ली गोळा झाली. दोन तासांनी सांगलीला गेलेले शाळेचे मास्तर परत आले. त्यांनी तार नीट वाचली. पोरगा हेलिकॉप्टरला पोचलाच नाही, कुठं आहे ते कळवा, असं लिहिलं होतं. मग नवीन भीती. पोचला नाही, तर गेला कुठं? मी साताऱ्यात मुंबईची गाडी धरतो, एवढंच आबांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्टॅंडवर बसलो होतो. बाहेर रिक्षांच्या रांगेत धोतर नेसलेला एक म्हातारा प्रत्येक रिक्षावाल्याला काहीतरी दाखवत होता. काचेच्या चौकटीतला फोटो होता. भिंतीवरून काढून आणलेला, माझ्या लग्नातला.

“ह्या पोराला बघितलंसा का?” आबा विचारत होते.

मी हाक मारली. ते वळले. जवळ येऊन त्यांनी आधी माझे दोन्ही दंड चाचपले.

“कुठं हुतास?”

“हितंच.”

“हितंच म्हंजी?”

“गाडीत बसवंना, आबा. त्या हेलिकॉप्टरचं लय भ्या बसलंय.”

मारतील असं वाटलं. ते बाकावर बसले. फोटोची चौकट मांडीवर पालथी ठेवली. मग म्हणाले, “तार आल्यापास्नं घरात चूल पेटली न्हाई.” परतीच्या वाटेवर कराडपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

घरी बायको चुलीपाशी बसली होती. बाहेर आली नाही. मी आत गेलो तर मागं न वळता म्हणाली, “तार आली तवा बाया माझ्या बांगड्यांकडं बघत हुत्या. तुमी साताऱ्यात च्या पीत हुता.”

चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी दळण निवडताना म्हणाली, “आता सांगा. काय झालंतं?”

मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले होते. “काठ दिसतच नव्हता?” तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. सुपातले खडे परत निवडायला लागत ती म्हणाली, “मग नगा जाऊ.”

मी गेलो नाही. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात पंपांवर काम मिळालं. कट्ट्यावर लोक बोलले, ते ऐकून घेतलं.

भाई मात्र जात राहिले. खेपेवरून आले की मला भेटायचे. “त्या दिवशी माझ्या शेजारची सीट मोकळी ऱ्हायली,” एकदा म्हणाले. “उडंपतूर दाराकडं बघत हुतो.”

“तुमाला भ्या वाटत न्हाई का?”

“वाटतं की. त्या खेपेपास्नं खिडकीच्या कडंला बसतच न्हाई मी.”

त्यांचा यायचा दिवस मला पाठ झाला होता. त्या दिवशी कारखान्यातून सुटलो की सायकल त्यांच्या गल्लीतून काढायचो. एका पावसाळ्यात भाई दिसले नाहीत, म्हणून दोन दिवसांनी परत गेलो तर त्यांची बायको, आमच्या भाभी, दारात उभ्या दिसल्या. “दोन दिवस झालं, आलं न्हाईत,” त्या म्हणाल्या. मी सायकल भिंतीला लावली आणि ओट्यावर बसलो. त्या दारातून हलल्या नाहीत, आणि मला तिथून उठवेना. दुसऱ्या दिवशी भाई आले. हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडालंच नव्हतं, एवढंच.