ओल्या तुरीचे सोले

आपल्या घरात कुणी कधी दवाखान्याची पायरी चढलं नाही, असं माझ्या सासूबाई आमच्या बोरी गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायच्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि घरच्या तुरीचं वरण, एवढ्यावर त्यांनी लेकराला वाढवलं होतं. लेकरू म्हणजे माझे यजमान, पन्नाशी ओलांडलेले. विडी नाही, खर्रा नाही, टपरीवरचा चहासुद्धा नाही. कुणाचं पोट बिघडलं की लोक त्यांना विचारायला यायचे आणि हे तासभर सांगत बसायचे. जवसाने काय होतं, मेथीने काय होतं, शेवगा हाडांना कसा चांगला. मला त्या व्याख्यानांचा भारी कंटाळा होता आणि मी तो तोंडावर बोलून दाखवायची. आता घर खायला उठतं.

मग त्यांच्या पायांवर सूज आली. यवतमाळला रक्त तपासलं, तर दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही तो कधी मोजलाच नव्हता. मोजायचा कशाला, माणूस पालेभाजी खातो ना? मला त्या दिवशी डॉक्टरांचा राग आला नाही, अंबाडीचा आला. इतकी वर्षं निवडली, धुतली, शिजवली, आणि वेळ आली तेव्हा काही कामाची नाही.

एक दिवसाआड यवतमाळला डायलिसिस सुरू झालं. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं आणि आमचं स्वयंपाकघर उलटं केलं. किडनी काम करत नसली की अंगातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते साठलं की हृदय बंद पडू शकतं. म्हणून केळं नाही, नारळपाणी नाही, टमाटर नाही, पालक नाही. तुरीतही तेच, म्हणून वरण नावापुरतं. पाणीसुद्धा मोजून. भाजी बारीक चिरून भिजत घालायची, मग उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली होती की भाजीचं पाणी फेकायचं नाही, सगळं सत्त्व त्यातच असतं. आता मी त्यांच्या डोळ्यांदेखत ते सत्त्व मोरीत ओतत होते. त्या बघायच्या आणि पदर तोंडाला लावून उठून जायच्या.

भेटायला येणारा प्रत्येक जण केळी नाही तर शहाळी घेऊन यायचा. बरोबर सल्ला फुकट. कुणी म्हणे शेवग्याच्या पाल्याचा रस द्या, कुणी पालकाचा. फोनवर तर रोज काहीतरी यायचंच, अमुक खा आणि डॉक्टरला विसरा. शहाणपणाला तोटा नव्हता. मी सगळ्यांना हसून चहा दिला आणि त्यांची पाठ वळली की केळी गाईपुढे टाकली. गाय मात्र त्या वर्षी चांगली धष्टपुष्ट झाली.

हे वाळत चालले होते. सासूबाईंना त्याचं कारण दिसत होतं, ते म्हणजे मी. सून नवऱ्याला उपाशी ठेवते, असं त्यांनी शेजारीही सांगितलं. एकदा मी यांच्या हातातली टमाटरची चटणी काढून घेतली, तेव्हा सासूबाईंचा बांध फुटला.

"या घरात एकच बोल राह्यला आता, चालत नाही, चालत नाही. अन्नानं कोनी मेलं हाय का व आजवर?"

मी चटणी उचलून ठेवली. तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं आणि मला सकाळची एसटी गाठायची होती.

पौषात तुरीला शेंगा भरल्या. ओल्या तुरीचे दाणे, आमच्याकडचे सोले, म्हणजे यांचा जीव. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि अंगणात बसून सोलत खायच्या. त्या हंगामात आमचं अर्धं जेवण असंच व्हायचं. त्या वर्षी मी शेतातून एक शेंग घरी येऊ दिली नव्हती. बहिणीकडे बारसं होतं म्हणून एक दिवस दारव्ह्याला गेले. सकाळी यांचं पथ्याचं करून, झाकून ठेवून गेले.

संध्याकाळी परतले तर अंगणात टरफलांचा ढीग. मधे मोठं पातेलं, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला हे. माझं झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. मी काही बोलायच्या आधी हे म्हणाले, "आज पोट भरलं." कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता. मला रागाने रडू आलं. दुसऱ्या दिवशी डायलिसिस आहे, निभेल, अशी मनाची समजूत घातली.

निभलं नाही. पहाटे हातपाय जड झाले म्हणाले, मग पाय उचलेना. गाडी केली. यवतमाळ यायच्या आत ते माझ्या मांडीवरच गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काल काय खाल्लं होतं. मी सांगितलं. पोटॅशियम वाढलं, एवढंच ते म्हणाले.

घरी आणलं. बायांच्या गराड्यातून सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"डाक्तर काय म्हने?"

"हार्ट अटॅक म्हने."

"सोल्यानं नाही ना व?"

खरं सांगते, त्या क्षणी 'अन्नानं कोनी मेलं हाय का' हे त्यांचेच शब्द त्यांच्या तोंडावर फेकावेसे वाटले. वर्षभर फेकलेलं भाजीचं सगळं पाणी डोळ्यांपुढून गेलं. पण त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "नाही, आई. सोल्यानं काय होते."

त्यांनी हात सोडला.

तेरवीला चुलत जावांनी यांच्या नावाचं ताट वाढलं. सगळं आवडीचं. भात, वरण, वडे, अंबाडीची भाजी, केळ्याचं शिकरण आणि वाटीभर सोल्यांची भाजी. आता तरी मन भरून खाऊ दे त्यांना, असं थोरली जाऊ म्हणाली. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, ताटापाशी आल्या, वाकल्या आणि सोल्यांची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"थे नको देऊ," त्या म्हणाल्या. "त्याले चालत नाही."

मग शिकरण काढलं. मग अंबाडी. मग वरण. जावा माझ्याकडे बघू लागल्या, पण मी त्यांना थांबवलं नाही. ताटात भात आणि वडे तेवढे राहिले. ते ताट घेऊन मी बाहेर गेले आणि कावळ्याची वाट बघत उभी राहिले.