उंदरांच्या सोयरिकी

श्रीशैल अण्णांनी जमवलेली एकही सोयरीक आजवर मोडली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, समोरच्याला विचारायला लावत. नेसरीकडची लिंगायत घरं त्यांना तोंडपाठ होती. मुलाचं आणि मुलीचं कूळ एक निघालं की ते अर्धा चहा तसाच ठेवून उठत. मामाला भाची चालायची, आत्याचा मुलगा तर घरचाच. पण एका कुळातली म्हणजे बहीणभाऊ, तिथे बोलणंच संपलं.

पोटापाण्यासाठी मात्र ते कसबा बावड्याच्या पलीकडे एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, आणि पिल्लं मोठी झाली की आयांपासून वेगळी करून त्यांच्या जोड्या लावायच्या. हे शेवटचं काम अण्णांच्या हाती देताना आपण काही धोका पत्करतोय, असं संस्थेत कुणालाच वाटलं नाही.

जोड्या लागत त्या अनुजाच्या उंदरांच्या. अनुजा म्हणजे राजारामपुरीत खोली घेऊन पीएचडी करणारी मुलगी. तिचे उंदीर परदेशातून आले होते आणि ते चमकतात असा बोभाटा होता. अण्णांच्या घरची मंडळी एकदा मुद्दाम बघायला आली आणि साधे काळे उंदीर बघून परत गेली. चमक होती ती रक्तातल्या पेशींत, आणि तीही यंत्रालाच दिसे. रोगाशी लढणारी पेशी नवी तयार झाली की हिरवी उजळते, आणि जुनी होत जाईल तसा तिचा उजेड विझत जातो. त्यामुळे कालची पेशी कोणती आणि मुरलेली कोणती, हे कळतं. अनुजाने हे सगळं अण्णांना समजावून सांगितलं आणि त्यांना ते पटलंही. पटलं नाही ते पुढचं. सगळे उंदीर एकसारखे राहावेत म्हणून जोडी लावायची होती ती सख्ख्या भावाबहिणीची.

अण्णांनी मान डोलावली. पोरगी हुशार, पण घरात कुणी वडीलधारं नसावं, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

शेजारच्या मांडणीवर दुसऱ्या एका डॉक्टरांचे काळेच, पण न चमकणारे उंदीर होते. त्यातले जास्तीचे नर काढून टाकत, म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन गॅसने मारत. ते काम पिराजी नावाचा दुसरा कामगार करी. अण्णा त्या खोलीत कधी पाऊल ठेवत नसत. त्या नरांतले तरतरीत बघून अण्णांनी अनुजाच्या माद्यांना नवरे दिले. पापही टळलं आणि जीवही वाचले. त्यांच्या जागी माद्यांचे भाऊ पिराजीकडे गेले, त्याचा त्यांनी फारसा विचार केला नाही. नव्या जोड्यांना पिल्लं झाली. ती वयात आली तेव्हाही अण्णांनी त्यांना बाहेरचीच स्थळं बघितली. भरलेली घरं बघून त्यांना फार बरं वाटे.

इकडे अनुजाचा हिशेब चुकायला लागला. काही पिल्लांच्या रक्तात उजेड निम्माच, काहींत अजिबात नाही. तिने यंत्र तपासून घेतलं, रसायनं नवी मागवली, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तिच्या सरांनी तुझाच हात चुकतोय म्हणून सांगून टाकलं. ती डबा न उघडताच परत नेऊ लागली. अण्णांनी ते पाहिलं आणि पित्त झालं असेल म्हणून तिला आवळासुपारी दिली.

एका दुपारी ती पिंजऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. हे सगळं सोडून सांगलीला घरी जातेय, तिथे शिकवण्या घेईन, असं म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही सगळं नीटच केलंत अण्णा. माझ्याच हाताला गुण नाही."

अण्णांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. स्थळांनी नाकारलेल्या मुली असंच बोलतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. दोष खरा कुठे असतो, हेही त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असे. आज तो कुठे आहे ते कळलं आणि त्यांनी बाटली खाली ठेवली.

"ताई, तुमचा हात न्हाय चुकला," ते म्हणाले. "भाऊभनीला एका पिंजऱ्यात म्या कवाच ठिवलं न्हाय. नवरं त्या पलीकडच्या मांडणीवरनं आणलं."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं की."

अनुजा स्टुलावर बसली. ती ओरडेल, साहेबांकडे नेईल, नोकरी जाईल, या सगळ्याला अण्णा तयार होते. ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, याला मात्र ते तयार नव्हते. जरा वेळाने तिने डोळे पुसून विचारलं, की बाहेरचा नवरा दिला नाही अशी एखादी तरी मादी उरली आहे का.

एक होती. आणलेल्या प्रत्येक नराला ती चावून रक्तबंबाळ करी, म्हणून अण्णांनी तिचा नाद सोडला होता. त्यामुळे तिचा भाऊही पिराजीकडे न जाता खालच्या पिंजऱ्यात एकटाच राहिला होता. एवढ्या दोघांवर वंश पुन्हा उभा राहील, वेळ लागेल, पण मी थांबते, असं अनुजा म्हणाली. बाकीच्यांचं काय, असं अण्णांनी विचारलं. मिसळलेल्यांचा काही उपयोग नाही, त्यांना काढून टाकावं लागेल, हे तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

अण्णांनी हात धुतले. गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारलं. भावाला उचलून बहिणीच्या पिंजऱ्यात ठेवलं, झाकण लावलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. आतून कुणी कुणाला चावल्याचा आवाज आला नाही.

मग राहिले बाकीचे पिंजरे. सासवा, जावई, लेकी, नातवंडं. एकाही घरात भांडण नव्हतं. हे पिराजी करेल, तुम्ही घरी जा, असं अनुजाने दोनदा सांगितलं. अण्णांना हुंदका आवरत नव्हता आणि तो लपवण्याचंही त्यांना सुचलं नाही.

"सोयरिकी म्या जमवल्या, ताई," ते म्हणाले. "पोचवायला दुसरा कशाला?"

त्यांच्या दोन्ही हातांत पिंजरे होते, म्हणून कोपऱ्यातल्या खोलीचं दार तिने उघडून धरलं.