मानाचं पाणी

भाऊसाहेबांनी पाण्याचा गडवा माझ्या डोक्याच्या वर धरला. मी मंचावर उकिडवा बसलेलो, ओंजळ ओठांना लावून. धार पडली. दोन घोट पोटात गेले आणि त्यांनी मुद्दाम हात हलवला. पाणी नाकात, डोळ्यांत, सदऱ्यात. ओंजळ तशीच धरून मी बेडकासारखा उड्या मारत धारेमागे फिरलो. ठसकलो, शिंकलो. समोर अख्खी मंडई पोट धरून हसत होती.

आणि मी खूश होतो. हशा ऐकला की माझ्या अंगात आजही वारं शिरतं.

ही दंडारीतली गोष्ट. दंडार म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातलं गाण्या-सोंगांचं लोकनाट्य. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी दंडार उभी राहते. आमचं गाव आंधळगावापासून सायकलच्या अंतरावर. मी धंद्यानं मिस्त्री. भिंती बांधतो, टाइल बसवतो. पण मिशी चिकटवली की मी धोंड्या व्हायचो. मालकाच्या घरचा भित्रा, वेंधळा, कायम तहानलेला नोकर. भीतीची नक्कल करावी तर यानंच, असं लोक म्हणायचे. गुडघे असे वाजवायचो की ढोलकीवाला ताल सोडून माझ्याकडे बघत बसायचा.

धोंड्याला पाणी पाजायचा प्रवेश आमच्या गावचा खास. पाजणारा नट नसायचा. मंडईचे मानकरी भाऊसाहेब स्वतः मंचावर चढायचे, त्यांच्या घरचा पितळी गडवा घेऊन. त्याला मानाचं पाणी म्हणायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाजायचे. माझ्या आधीचा धोंड्याही आमच्याच बौद्ध मोहल्ल्यातला होता. त्याच्या आधीचाही. असं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, आमच्या लोकांना विनोद चांगला जमतो.

माझी माय मंडईला यायची नाही. गुडघे दुखतात म्हणायची. त्या वर्षी माझ्या मुलीनं तिला हाताला धरून आणलं आणि पुढं सतरंजीवर बसवलं. धारेमागे उड्या मारता मारता मी तिच्याकडे पाहिलं. आजूबाजूच्या बाया हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माय सरळ बसली होती. दोन्ही हात पदराखाली.

घरी येऊन मी खोबरेल तेलानं मिशीचा गोंद काढत होतो. कान मात्र मायकडे. आता शाबासकी मिळेल.

"नाकात गेलं ना पानी?" माय म्हणाली.

"लय गेलं. लोक पागल झाले."

"माह्याही नाकात जायचं."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, तांदूळ निवडत. ती पोर होती तेव्हा धानाच्या रोवणीला भाऊसाहेबांच्या वडिलांच्या बांधीत, म्हणजे शेतात, जायची. तहान लागली की त्यांच्या अंगणात बसायचं, ओंजळ करायची. भांड्याला हात लागायला नको म्हणून म्हातारा वरून ओतायचा. आमच्या घरानं तेव्हा दीक्षा घेतलेली होती. घरातले देव नदीत गेले होते. त्या अंगणात ओंजळ होती तशीच. म्हातारा धार हलवायचा, गंमत म्हणून. ओट्यावरचे हसायचे. पोरीला उड्या माराव्याच लागायच्या, कारण दुसऱ्यांदा कोणी ओतत नव्हतं.

"तू कोनाची नक्कल करून राहिला, तुले मालूम होतं काय बाबू?"

मला मालूम नव्हतं. मला ती उडी जुन्या धोंड्यानं शोधलेली वाटायची. मी तिच्यावर मेहनत घेतली होती. आरशासमोर बसून.

तेव्हापासून मी भ्यायला लागलो. खरा.

कारण एक गोष्ट कळली होती आणि ती परत न-कळलेली होईना. पुढच्या मंडईला ओंजळ करायची नाही, एवढंच. काम चिमूटभर. पण भाऊसाहेबांच्या शब्दावर गावातलं निम्मं बांधकाम चालतं. बायको म्हणाली, "काहून अंगावर घेता अजी? दोन घोट पानीच तं आहे." मग ठरवलं, एकट्यात गोडीनं सांगू. त्यांच्या वाड्यावर गेलो. ते सुपारी कातरत होते. मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या नव्या बाथरूमची टाइल अर्ध्या मजुरीत बसवून देतो असं कबूल करून परत आलो. हसा. मी पण हसलो होतो, वाटेत, एकटाच, धानाच्या बांधीत उभा राहून. मग तिथंच ओकलो.

मंडई आली.

मिशीखाली घाम सुटला होता, एक बाजू लोंबायला लागली. प्रवेश आला. भाऊसाहेब चढले. टाळ्या. गडवा वर गेला. मी बसलोच नाही. उभा राहिलो आणि हात पाठीमागे घेतले. माझे गुडघे वाजत होते. नक्कल नव्हती. पण लोकांना काय माहीत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा त्या गुडघ्यांना मिळाला. पोरं शिट्ट्या मारत होती. मी खराखुरा मरत होतो आणि मंडई वन्समोअर मागत होती.

भाऊसाहेबही हसत होते. ओठ न हलवता हळूच म्हणाले, "नाटकं करू नको. बस खाली."

मंचाच्या मधोमध माइक टांगलेला असतो. मी त्याच्याखाली सरकलो. धोंड्याच्या आवाजात बोलायला गेलो, तो आवाज आलाच नाही. माझाच आला. बारीक, फाटका.

"गडवा माह्या हाती द्या, भाऊसाहेब. मी माह्या हातानं पितो."

लोक परत हसले. नवा विनोद वाटला. मग भाऊसाहेबांचं तोंड दिसलं त्यांना. हसणं पुढच्या रांगेपासून मागे विझत गेलं.

त्यांनी गडवा दिला नाही. तिरपा केला आणि सगळं पाणी फळ्यांवर ओतलं. सावकाश. माझ्या पायापर्यंत ओघळ आला. म्हणाले, "चाट."

माइकनं ते गावभर ऐकवलं.

मी मिशी उपटली आणि मंचावरून उतरलो. माय याही वर्षी सतरंजीवर होती. मी हात दिला, ती उठली, आणि आम्ही भर गर्दीतून चालत घरी आलो. वाटेत तिनं माझा हात दाबला.

तेव्हापासून गावात मला काम नाही. रोज सकाळी कामाला तुमसरला जातो. अंगणाबाहेर मोटारसायकल थांबली की भाऊसाहेबांची माणसं नाहीत ना, हे आजही मी आधी दाराच्या फटीतून बघतो. भीती गेलेली नाही. कोणी सांगत असेल की एकदा बोललं की भीती जाते, तर तो माणूस बोललेला नाही.

यंदा मंडईवाल्यांचा निरोप आला. पाण्याचा प्रवेश वगळतो, धोंड्या परत तुझाच. फक्त भाऊसाहेबांच्या अंगणात जाऊन एकदा चुकलो म्हण. निरोप आणणारा म्हणाला, "तुह्याबिगर मजा नाही येत रे." खरं सांगतो, माझे डोळे भरले. मला मंच हवा आहे. दुसरं काही मला नीट येत नाही.

मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मंडईच्याच दिवशी, त्याच दुपारी, आमच्या विहाराजवळ मी ट्रॅक्टरची ट्रॉली लावणार आहे. ती ट्रॉलीच माझी रंगभूमी. मायची गोष्ट करणार. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "कर. पन कोनी हसलं नाही पायजे."

आता आली पंचाईत. हसवण्याशिवाय ज्यानं आयुष्यात काही केलं नाही त्यानं लोकांना गप्प कसं बसवायचं? रोज कामावरून आलो की तालीम करतो. ती उडी मारतो. तीच उडी, तोच ठसका, पण मी आता त्या पोरीच्या तहानेत उतरून मारतो. मुलगी समोर बसते. परवा पहिल्यांदा तिला हसू आलं नाही.

मोहल्ल्यातले म्हणतात, दगड येतील. येतील कदाचित. मला भीती वाटते, आणि मी उभा राहणार आहे. आणि त्या उडीला कोणी हसलंच, मग तो कोणीही असो, तर मी खेळ तिथंच थांबवीन. ओंजळ खाली घेईन, त्याच्याकडे बघीन, आणि त्याचं हसून होईपर्यंत पुढचा शब्द बोलणार नाही.